पावसाळ्यात गाडी मध्येच अडकली तर आई-बाबांना मुक्कामाला कुठे न्यावं? लॉज की कौलारू घर?

मुलुंडकर

नमस्कार मंडळी. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन कणकवलीजवळच्या गावी जायचं आहे. काकांचं वर्षश्राद्ध आहे, तारीख हलवता येत नाही. जायची-यायची दोन्ही तिकिटं रेल्वेची आहेत आणि कन्फर्म आहेत.

काळजी वेगळीच आहे. गेल्या वर्षी याच दिवसांत येताना रुळावर माती आली आणि आम्ही एका स्टेशनावर सात तास बसून होतो. कोणाची चूक नव्हती, पाऊसच तसा होता. पण आई सात तास लोखंडी बाकावर होती. तिचा उजवा गुडघा बदललेला आहे, वय ६९. खाली बसता येत नाही, भारतीय पद्धतीचं संडास तर अजिबात जमत नाही. बाबा ७४ वर्षांचे, मधुमेह आहे, रात्री जेवणाआधी इन्सुलिन घेतात.

या वेळी मी ठरवलंय की तीन तासांच्या वर गाडी थांबली तर सरळ उतरायचं आणि रात्र कुठेतरी नीट काढायची. बाबा म्हणतात, जवळपासच्या गावातलं एखादं कौलारू घर बघ, हल्ली बरेच जण घरगुती निवास चालवतात. आईला ते नको आहे. तिचं म्हणणं, बाजारपेठेतलं लॉज बरं, निदान कमोड आणि दिवा तरी असेल. दोघांचंही पटतं.

अशी वेळ कोणावर आली आहे का? फोटो बघून नाही, प्रत्यक्ष राहिलेल्यांनी सांगावं.

जुनी पाटी

मुलुंडकर, मी सांगते. जरा लांबेल, पण तुमचा प्रश्न वाचून आमचीच रात्र समोर आली.

१४ जुलै २०२४, रविवार. आम्ही दोघं कुडाळहून परत येत होतो. मी ६६, हे ७१. यांनाही तुमच्या बाबांसारखंच इन्सुलिन आहे, शिवाय डावा गुडघा साथ देत नाही. संध्याकाळी गाडी चिपळूणला येऊन थांबली ती हलेना. खेडच्या पुढे, दिवाणखवटीच्या बोगद्याच्या तोंडाशी दरड आली होती. मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. सह्याद्रीच्या अलीकडे इतका पाऊस का पडतो, जांभ्याखालची माती पाणी पिऊन कशी सुटते, हे दरवर्षी जूनमध्ये फळ्यावर काढून दाखवायचे. त्या संध्याकाळी मात्र मला एवढंच दिसत होतं की साडेसात वाजलेत, यांची जेवणाची वेळ साडेआठची आहे आणि स्टॉलवरचे वडे संपलेत.

पुढे जायला एसटीची सोय होत होती. ज्यांचं वय आहे त्यांनी ती खुशाल घ्यावी. पण अशा पावसात रात्रीचा महामार्ग, कशेडी घाट, आणि यांचा पाय सहा-सात तास दुमडलेला, हे मला झेपणार नव्हतं. माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, सावर्ड्याहून मुलीकडून आलेल्या. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं आणि म्हणाल्या, "माझ्या नणंदेकडे चार खोल्या आहेत, पाहुणे ठेवतात. पाच-सहा किलोमीटर असेल. मी फोन लावते." त्यांनीच रिक्षा ठरवून दिली.

घर चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. रस्त्यापासून अंगणात उतरायला जांभ्याच्या अकरा पायऱ्या. अकरा मी मोजल्या, कारण यांना एकेक पायरी दोन्ही पाय टेकवून उतरावी लागली. घरातला मुलगा बॅटरी आणि काठी घेऊन वर आला होता, त्याने यांना हात दिला. पडवीला पावसाच्या बाजूने माडाच्या झावळ्यांचे झाप बांधलेले, त्यामुळे बाहेर एवढी झोड असूनही आत ओटीवर कोरडं होतं. खोलीत लाकडी पलंग, कापसाची गादी आणि गोधड्या. गोधड्यांना धुराचा वास येत होता. कपडे चुलीच्या वर दोऱ्या बांधून वाळवतात, दुसरीकडे ते वाळतच नाहीत.

नऊच्या सुमारास दिवे गेले. आणि या घरात काहीच झालं नाही, हे मला आजही लख्ख आठवतं. आमच्या डोंबिवलीत दिवे गेले की पहिली पाच मिनिटं सगळी इमारत बोलायला लागते. पंप बंद, लिफ्ट बंद, फ्रीजचं दार उघडू नका. इथे घरच्या वहिनी भाकरी थापत होत्या, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. कंदील आधीच पेटवून खुंटीला होता. चूल लाकडावर, आंघोळीचं पाणी न्हाणीतल्या पाणचुलीवर, प्यायचं पाणी रहाटाच्या विहिरीचं. विजेवाचून अडणारं त्या घरात फारसं काही नव्हतंच.

यांना नाचणीची भाकरी, टाकळ्याची भाजी, कुळथाचं पिठलं. मला भातही. वर आमसुलाचं सार. जेवायच्या आधी इन्सुलिन घ्यायचं तर कंदिलाच्या उजेडात मला पेनवरचा आकडा दिसेना. चष्मा दोनदा पुसला. घरची मुलगी आठवीतली, ती मोबाइलची बॅटरी धरून बसली आणि तिने आकडा मोठ्याने वाचला, "चौदा." मी म्हटलं, परत वाच. तिने परत वाचला. टोचून होईपर्यंत ती हलली नाही.

आता तुमच्या आईचा प्रश्न. संडास घराबाहेर, मागच्या पडवीतून पंधराएक पावलांवर, आणि भारतीय पद्धतीचं. मी त्या वहिनींना विचारलं तेव्हा माझा आवाज बारीक झाला होता. त्या काही न बोलता आत गेल्या आणि मधे भोक असलेली कमोडची खुर्ची घेऊन आल्या. घासूनपुसून स्वच्छ. म्हणाल्या, "सासूबाईंची आहे. त्या गेल्या, पण ही टाकवली नाही." खुर्ची तिथे नेऊन ठेवली, दाराशी कंदील ठेवला, आणि यांना सांगितलं, "काका, लाजू नका हो, रात्री कधीही हाक मारा." पण प्रत्येक घरात अशी खुर्ची असेलच असं नाही, तेव्हा आईचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. ते आधी विचारूनच घ्यावं लागतं.

जे त्रासाचं होतं तेही सांगते. मध्यरात्री कौलातून बरोब्बर माझ्या बॅगेवर थेंब पडायला लागले. मुलगा उठला, काठीने आतून कौल सरकवलं, खाली तपेली ठेवली. मग रात्रभर तपेलीत टप टप. डास होते, मच्छरदाणी होती म्हणून निभावलं. अंथरूण कोरडं असलं तरी हवा इतकी दमट की सकाळी नेसायचं पातळ हाताला ओलंच लागत होतं. दम्याचा त्रास असणाऱ्याला चुलीचा धूर सोसणार नाही.

सोमवारी घरातले सगळे भातलावणीला गेले. शेत अंगणाच्या खालीच होतं. तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, मुठी बांधून खाचरात फेकत होते आणि बायका वाकून रोपं टोचत होत्या. मी पडवीत बसून बघत राहिले. यांच्यासाठी वहिनींनी सकाळीच घावन करून झाकून ठेवले होते. गाडीची बातमी मिळायची तर फोनला रेंज लागायची एकाच ठिकाणी, फणसाच्या बुंध्याशी. मी छत्री घेऊन दर तासाला तिथे जाऊन यायची. संध्याकाळी मुलाचा फोन आला की मार्ग मोकळा झालाय. दरड पडल्यापासून जवळजवळ चोवीस तास झाले होते.

त्या दुपारी वहिनी शेतातून आल्यावर मी त्यांना विचारलं, असं कोणी अवचित आलं की तुमची धावपळ होत असेल ना? त्या मला माळ्यावर घेऊन गेल्या. शिडी चढून मी फक्त डोकं वर काढलं. एका बाजूला चिरलेली लाकडं आणि शेणी छपरापर्यंत. दुसऱ्या बाजूला कांद्याच्या माळा, आंबोशी, आमसुलं, मिरच्या, मिठाची बरणी, कुळीथ, तांदळाची पोती, आणि पत्र्याच्या डब्यात काडेपेट्या. म्हणाल्या, "ही आमची आगोट. मे महिन्यात भरून ठेवतो. मग चार महिने रस्ता बंद झाला तरी घर चालतं. त्यात तुम्ही दोघं जास्त, तर काय झालं?"

आगोट हा शब्द मला माहीत होता, आजीच्या तोंडी ऐकलेला. पण त्याचा अर्थ त्या शिडीवर उभं राहून कळला. आम्ही निघालो होतो ते गाडी वेळेवर जाईल, स्टॉलवर खायला मिळेल, दिवे असतील, फोन लागेल असं धरून. त्या घराने यातलं काहीच धरलेलं नव्हतं. म्हणून मुलुंडकर, अडकायची वेळ आली तर मी बाजारातल्या लॉजपेक्षा असं घर निवडेन. कौलं आणि कंदील दिसायला छान असतात हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट ही, की बाहेरचं सगळं बंद पडलं तरी चालावं असंच ते घर मुळात बांधलेलं आणि भरलेलं असतं.

एक भेद मात्र करा. हल्ली गावातल्या घराचा नुसता देखावा केलेल्या जागाही खूप आहेत. वर कौलं, खाली सिमेंटची खोली, एसी, स्वयंपाक गॅसवर, पाणी पंपाने. दिवे गेले की तिथे लॉजपेक्षाही हाल, कारण बाजार लांब. फोनवर सरळ विचारा, "लाईट गेली तर पाणी कुठून येतं?" उत्तर "विहिरीचं" असं चटकन आलं तर बाकीचं पुढे विचारा. उत्तराआधी थांबले तर दुसरं घर बघा.

माणशी सातशे रुपये रात्रीचे, जेवणखाण धरून. मंगळवारी सकाळच्या गाडीची तिकिटं मुलाने काढून दिली. निघताना त्या आठवीतल्या मुलीला मी माझ्याजवळचं लिहायचं पेन दिलं. घराचं नाव इथे लिहीत नाही. चारच खोल्या आहेत आणि लावणीच्या दिवसांत त्यांना फोन घ्यायला सवड नसते. तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

वाशिष्ठीकाठी

जुनी पाटी ताई, आमच्या चिपळूणबद्दल इतकं आपुलकीने लिहिलंत, बरं वाटलं. पण चिपळूणचा माणूस म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

घर कसं आहे याआधी ते कुठे आहे हे बघा. २२ जुलै २०२१ ला मी बाजारपेठेतल्या आमच्या दुकानाच्या माळ्यावर अडकलो होतो. पहाटे पाणी चढायला लागलं आणि बघता बघता खालचा मजला गेला. २००५ चा पूर पाहिलेले लोकसुद्धा म्हणत होते की एवढं पाणी नव्हतं आलं. त्याच दिवशी महाडजवळ तळिये गावावर डोंगर आला. ती कौलारू घरंच होती, पिढ्यान्‌पिढ्या राहती.

त्यामुळे नदीकाठचं, खिडकीतून पाणी दिसणारं घर जुलैमध्ये नको, कितीही सुंदर असो. रस्ता रुंद करताना उभा कापलेला डोंगर घरामागे असेल तर तेही नको. घर उंचवट्यावर हवं आणि मागे झाडी धरून ठेवलेला हलका उतार हवा. घरमालकाला सरळ विचारायचं, "एकवीस साली पाणी कुठपर्यंत आलं होतं?" इथला कोणीही माणूस याचं उत्तर हाताने दाखवून देतो. फोनवरसुद्धा सांगतो, "आमच्या खालच्या बांधापर्यंत" किंवा "देवळाच्या दुसऱ्या पायरीपर्यंत". आणि रेड अलर्ट असेल तर गाव-बिव काही नाही, स्टेशनच्या जवळच उंचावरचं लॉज घ्या, दुसऱ्या मजल्यावरची खोली मागा.

तुमच्या आईंनाही सांगा की त्यांचं चुकत नाही. बाजारात दवाखाना जवळ असतो, हे वयस्कर माणसांना मोठं असतं.

औषधवाला

इन्सुलिनबद्दल लिहितो. माझं औषधांचं दुकान आहे, हा प्रश्न पावसाळ्यात आणि मे महिन्यात हमखास येतो.

वापरायला काढलेलं पेन किंवा बाटली फ्रीजमध्येच हवी असं नाही. बहुतेक प्रकारचं उघडलेलं इन्सुलिन ३० अंशांच्या खाली, उन्हापासून लांब, साधारण चार आठवडे चांगलं राहतं. नेमके दिवस तुमच्या पाकिटावर लिहिलेले असतात, ते बघा. न उघडलेला साठा मात्र २ ते ८ अंशांत ठेवायचा. म्हणजे एका रात्रीसाठी फ्रीज नसेल तर घाबरायचं कारण नाही. चुलीजवळ किंवा पाणचुलीच्या भिंतीला टेकून ठेवू नका, एवढंच. माठाशेजारी ठेवायची पद्धत आहे, पण जुलैत कोकणात हवा इतकी ओली असते की माठ फारसा गार होत नाही. त्यावर भिस्त नको.

लोक घाईत एक चूक करतात. बर्फाच्या पिशवीला चिकटवून ठेवतात आणि ते गोठतं. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही.

सुया चार-पाच जास्त घ्या. साखर मोजायचं मशीन आणि पट्ट्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. आणि जेवण ताटात आलेलं दिसल्याशिवाय जेवणाआधीचा डोस टोचायचा नाही. अडकलेल्या गाडीत "आता जेवण येतंय" म्हणून डोस घेतला, जेवण दोन तासांनी आलं, आणि साखर खाली जाऊन माणूस घामाघूम झाला, असं मी पाहिलंय. खिशात ग्लुकोजची पुडी किंवा नुसती साखर असू द्या. ताईंनी आकडा दोनदा वाचून घेतला ते फार योग्य केलं.

घाटवाट

गाडीच्या वेळांबद्दल. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक पूर्वी १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ साली ते १५ जून ते २० ऑक्टोबर केलं. या दिवसांत वेग मुद्दाम कमी ठेवतात, आणि धो धो पावसात पुढचं नीट दिसत नसेल तर ताशी ४० किलोमीटरनेच चालवायची सूचना असते. त्यामुळे दोन तासांचा उशीर म्हणजे काही अघटित नाही, तेवढ्यासाठी उतरू नका.

तुम्ही जिथून चढणार त्या स्टेशनावर गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि प्रवास करायचाच नसेल तर पूर्ण पैसे परत मिळतात. पण टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, गाडी तिथून सुटायच्या आत भरावा लागतो. नंतर भरून उपयोग नाही. चौकशीला १३९.

चिपळूणला अडकलात आणि रस्ता चालू असेल तर कुंभार्ली घाटाने वर पाटण-कराडला जाऊन पुण्यामार्गे येता येतं. रात्री धुक्यात मात्र तो घाट करू नका, सकाळ होऊ द्या. रत्नागिरीला अडकलात तर आंबा घाट. माझा एक मुक्काम तिथेच घाटमाथ्यावर आंबा गावात झाला होता, खाली दरड आली म्हणून. शेगडीवर हात शेकत रात्र गेली. जुलैत वर थंडी असते, वयस्करांना स्वेटर घ्याच.

मुलुंडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर हा धागा आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. आगोट शब्दाला बाबा थांबले. मग अर्धा तास त्यांच्या लहानपणच्या माळ्याबद्दल बोलत होते, कुठल्या कोपऱ्यात काय असायचं ते. मला हे काहीच माहीत नव्हतं.

आईने फक्त त्या खुर्चीचा भाग परत वाचायला लावला. मग म्हणाली, "आपली घडीची खुर्ची मिळते का बघ. सीटखाली मावेल अशी." आज दुपारी आणली, तीन किलोच्या आत आहे. आता तिची हरकत उरलेली नाही.

वाशिष्ठीकाठी, तुम्ही सांगितलेला प्रश्न मी दोन घरांना फोन करून विचारला. एकाने सांगितलं, "पाणी आमच्या अंगणात आलं होतं, पण आता काही होत नाही." ते घर सोडलं. दुसरीकडे बाईंनी फोन घेतला. त्या म्हणाल्या, "इथवर नाही हो येत, आम्ही टेकाडावर. खालच्या वाडीची माणसं तेव्हा आमच्याकडेच होती चार दिवस." लाईट गेली तर पाणी कुठून, हेही विचारलं. विहीर आहे.

ताई, एक विचारायचं होतं. आगाऊ पैसे भरून ठेवू का? गाडी अडकलीच नाही तर त्यांची खोली रिकामी राहील.

जुनी पाटी

पैसे भरू नका, आणि खोली अडवूनही ठेवू नका. फक्त गाडीचा दिवस सांगून ठेवा, "अडकलो तर फोन करू." निघताना एकदा आणि सुखरूप पुढे गेलात की एकदा फोन करा, म्हणजे त्या वाट बघत बसणार नाहीत. हा दुसरा फोन विसरू नका.

खालच्या वाडीची माणसं जिथे चार दिवस राहिली ते घर मला चांगलं वाटतंय. पायऱ्या किती आहेत आणि कठडा आहे का, तेवढं आईंसाठी विचारून घ्या. आमच्या ओळखीच्या घराचा नंबर व्यनित पाठवलाय, तोही जवळ असू द्या. फोन संध्याकाळी सातनंतर करा, त्याआधी सगळे शेतात असतात.